कोणता शोध कोणत्या दारी?

गुळाचा रवा घेऊन कोणी हुपरीच्या चांदीच्या पेढीवर जात नाही आणि पैंजणांचा जोड घेऊन कोणी कोल्हापूरच्या गूळ बाजारात सौद्याला उभे राहत नाही. हातकणंगले तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही हे सांगावे लागत नाही. माल कितीही चोख असला तरी त्याची पारख करणारा माणूस ज्या पेठेत बसतो, तिथेच तो न्यावा लागतो. ज्ञानाच्या व्यवहारातही अशा पेठा आहेत. त्यांना आपण शोधपत्रिका म्हणतो.

प्रत्येक शोधपत्रिकेच्या मुखपृष्ठाच्या आत एक छोटा मजकूर छापलेला असतो. त्याचे शीर्षक बहुधा ‘उद्देश आणि व्याप्ती’ असे असते. ही पत्रिका कशासाठी काढली, कोणत्या विषयांचे लेखन ती स्वीकारते आणि कोणते स्वीकारत नाही, हे त्या दहा-पंधरा ओळींत सांगितलेले असते. सामान्य वाचक तो मजकूर वाचत नाही आणि खरे सांगायचे तर पुष्कळ संशोधकही तो घाईघाईने ओलांडून जातात. पण त्या दहा-पंधरा ओळींवर बरेच काही अवलंबून असते. प्राध्यापकाची बढती, विद्यार्थ्याची पीएच. डी. या गोष्टी तर आहेतच. शिवाय डॉक्टर आपल्याला कोणते औषध देतो आणि शेतकऱ्याला कोणता सल्ला मिळतो, याचे धागेही तिथपर्यंत जाऊन पोचतात. म्हणून आज या दुर्लक्षित मजकुराविषयी थोडे बोलू.

आधी एक फरक लक्षात घेऊ. हातकणंगले म्हटले की मराठी वाचकाला समीक्षक म. द. हातकणंगलेकर आठवतात. त्यांचा जन्म १९२७ साली याच गावी झाला आणि २००८ साली सांगलीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्यासारख्या समीक्षकांचे लेखन ज्यांतून येत असे, ती वाङ्मयीन नियतकालिके. तिथे संपादकाची रुची हाच निकष असतो. लेख संपादकाला पटला की तो छापला जातो. शोधपत्रिकेचा संपादक मात्र एकट्याने निर्णय घेत नाही. आलेला निबंध तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. पुष्कळदा लेखकाला परीक्षक कोण हे कळत नाही आणि काही पत्रिकांत परीक्षकालाही लेखक कोण हे कळू देत नाहीत. परीक्षक विचारतात, यात नवे काय आहे? ते कशावरून म्हणता? आणि दुसऱ्या कोणाला ते पडताळून पाहायचे असेल तर त्याने काय करावे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच निबंध पुढे सरकतो. दोन्ही प्रकारांची आपल्याला गरज आहे. एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावू नये, एवढेच.

ही पद्धत काही एका दिवसात आली नाही. १६६५ साली जानेवारीत पॅरिसला आणि मार्चमध्ये लंडनला अशी पहिली दोन पत्रे निघाली. लंडनच्या पत्राचे नाव ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग ते चालवत. त्यापूर्वी विद्वान एकमेकांना पत्रे लिहून आपले शोध कळवीत. मग आधी कोणी शोध लावला यावरून भांडणे होत. छापील पत्रामुळे तारखेची नोंद झाली, दूरच्या माणसापर्यंत बातमी गेली आणि पुढच्या पिढ्यांसाठी ती जपून राहिली. नोंद, प्रसार, जतन आणि पुढे त्यात आलेली पडताळणी, ही चार कामे आजही शोधपत्रिका करते.

सुरुवातीच्या पत्रांत सगळेच विषय एकत्र नांदत. आपल्याकडेही तसेच झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. त्यात भूगोल होता, पदार्थविज्ञान होते आणि इतिहासही होता. पण हेच बाळशास्त्री शिलालेख आणि ताम्रपटांवर लिहीत, तेव्हा ते लेखन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेकडे जाई. घरोघरच्या वाचकासाठी एक दार आणि जाणकारांसाठी दुसरे दार, हा भेद त्यांना त्या काळी उमजला होता. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ निघाला. त्याच्या नावातच विविधता आहे. त्यानंतर विषय वाढले तशा वाटण्या झाल्या. मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेची, म्हणजे बीएनएचएसची, पत्रिका १८८६ पासून पशुपक्षी आणि वनस्पतींची नोंद ठेवते आहे. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या प्रकाशनांनी अस्सल कागदपत्रे जशीच्या तशी छापण्याचा पायंडा पाडला. भाषेचा विचार करणाऱ्यांसाठी १९८३ पासून ‘भाषा आणि जीवन’ आहे. तत्त्वज्ञानासाठी ‘परामर्श’, मराठी भाषा-साहित्याच्या संशोधनासाठी अ. का. प्रियोळकरांच्या नावाशी जोडलेली ‘मराठी संशोधन पत्रिका’ आणि व्यापक वैचारिक लेखनासाठी वाईचे, १९४७ साली सुरू झालेले ‘नवभारत’. प्रत्येकाने आपापले कुंपण आखून घेतले.

आता हे कुंपण म्हणजे नेमके काय, ते आपल्याच परिसरातल्या उदाहरणाने पाहू. पंचगंगेचे पाणी घ्या. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, हे अनेकांना आठवत असेल. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरते. अशा साथीचा अभ्यास पाच माणसांनी करायला घेतला, असे समजा. पहिला रसायनशास्त्रज्ञ. तो नदीच्या वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने घेईल, रंगाच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात काय मिसळले आहे ते मोजेल. त्याचा निबंध पर्यावरण-रसायनाच्या पत्रिकेत जाईल. दुसरा डॉक्टर. तो रुग्णांचे रक्त तपासेल, कोणत्या गल्लीत किती जण आजारी पडले याचा नकाशा काढेल आणि साथरोगांच्या पत्रिकेकडे जाईल. तिसरा अभियंता, नळाच्या गळक्या जोडांमधून गटाराचे पाणी आत कसे शिरते हे तो दाखवेल. चौथी अर्थशास्त्रज्ञ. आजारपणात यंत्रमागावरच्या मजुराचे किती खाडे झाले आणि घरात किती कर्ज झाले, याचा हिशोब ती मांडेल. तिच्यासाठी १९४९ साली ‘इकॉनॉमिक वीकली’ म्हणून मुंबईत सुरू झालेले आणि १९६६ पासून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नावाने निघणारे साप्ताहिक आहे. पाचवी इतिहासकार, ती संस्थानकाळातल्या पाणीपुरवठ्याची दप्तरे चाळेल.

नदी एक आहे, माणसेही तीच आहेत. पण पाच जणांचे प्रश्न वेगळे आहेत, पुरावे वेगळे आहेत आणि म्हणून पारखणारेही वेगळे हवेत. रसायनशास्त्राच्या परीक्षकाला मोडीतले दप्तर वाचता येणार नाही आणि इतिहासकाराला पाण्यातल्या जड धातूंचे आकडे तपासता येणार नाहीत. तेव्हा ‘व्याप्ती’ म्हणजे निव्वळ विषयांची यादी नव्हे. आमच्याकडे या प्रकारचा पुरावा तपासू शकणारी माणसे आहेत, अशी ती पत्रिकेने दिलेली हमी असते.

ज्ञानशाखेप्रमाणे रीतीही बदलतात. गणितात प्रयोग नसतो, सिद्धता असते. पाच पानांचा निबंध तपासायलाही परीक्षकाला कित्येक महिने लागू शकतात, कारण प्रत्येक पायरी त्याला स्वतः चढून पाहावी लागते. वैद्यकात घाई असते. तिथली ‘लॅन्सेट’सारखी पत्रिका साप्ताहिक आहे. पण रुग्णावर प्रयोग करण्यापूर्वी नीतिविषयक समितीची परवानगी होती का, चाचणीची आधी नोंद केली होती का, हे विचारल्याशिवाय वैद्यकीय पत्रिका निबंधाला हात लावत नाहीत. शेतीचे तर वेगळेच. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा असतो, त्यानंतर खोडवा. त्यामुळे एका वर्षाच्या एका प्लॉटवरून निष्कर्ष काढलेला निबंध चांगली कृषी पत्रिका सहसा घेत नाही. वेगवेगळ्या हंगामांतले आणि वेगवेगळ्या जमिनींवरचे आकडे ती मागते. इतिहासात लेखक बहुधा एकटा असतो आणि त्याची खरी कमाई तळटिपांत असते. संगणकशास्त्रात पत्रिकेपेक्षा परिषदेतल्या निबंधाला अधिक मान आहे, कारण तिथे दोन वर्षे थांबले तर विषयच जुना होतो. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला लेख मराठीतच लिहावा लागतो. त्याला इंग्रजी पत्रिकेचा आग्रह धरणे म्हणजे अभंगाचे मोल तराजूत करण्यासारखे आहे.

योग्य दार मिळाले तर काय होते, याचे एक उदाहरण कोकणातले आहे. महाड परिसरात विंचूदंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेशेजारी बसून या रुग्णांच्या नोंदी ठेवत होते. १९८२ साली लाल विंचवाच्या दंशाची धोक्याची लक्षणे सांगणारे त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’मध्ये आले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या दंशावर उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ साली त्याच पत्रिकेत मांडले. पुढे २०११ साली, नुसते प्राझोसिन आणि प्राझोसिनबरोबर प्रतिविष, अशी तुलना करणारी त्यांची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. विंचू हा प्राणिशास्त्राचाही विषय आहे. पण बावस्करांचा प्रश्न विंचवाबद्दल नव्हता, तो खाटेवरच्या पोराबद्दल होता. म्हणून तो शोध वैद्यकाच्या दारी गेला आणि तिथून जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचला. लंडनच्या त्या संपादकांनी महाड कुठे आहे, तिथे मोठे इस्पितळ आहे का, हे पाहिले नाही. पुरावा आणि त्याचा रुग्णाला होणारा उपयोग, एवढेच पाहिले.

दार चुकले तर काय होते, याचे उदाहरण त्याहून मोठ्या माणसाचे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे आणि बरीच वर्षे पुण्यात राहिलेले. गणित, नाणकशास्त्र, इतिहास, संस्कृत अशा अनेक प्रांतांत ते वावरले. १९४३-४४च्या सुमारास आनुवंशिकतेतले एक सूत्र त्यांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या इंग्लंडमधल्या पत्रिकेत मांडले. ते त्या विषयाचेच व्यासपीठ होते. परिणाम असा, की गुणसूत्रांवरची अंतरे काढण्यासाठी ‘कोसंबी सूत्र’ आजही वापरले जाते. याच कोसंबींनी १९५९ साली रीमनच्या सुप्रसिद्ध गृहीतकाला हात घातला. हे गृहीतक मूळ संख्यांविषयीचे. १८५९ साली मांडलेले आणि आजतागायत न सुटलेले. कोसंबींनी आपला निबंध संख्यासिद्धान्ताच्या पत्रिकेकडे न पाठवता भारतीय कृषी-संख्याशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत छापला. संभाव्यतेच्या मार्गाने ते प्रश्नाकडे जात होते, हे खरे. पण उसाच्या उताऱ्याचे आणि गव्हाच्या वाणांचे आकडे तपासणाऱ्या पत्रिकेकडून मूळ संख्यांच्या सिद्धतेची कठोर पारख कशी व्हावी? ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांमधल्या त्यांच्या नावाला त्याचा उपसर्ग झाला. योग्य परीक्षकाने छापण्यापूर्वीच चूक दाखवली असती, तर ती खाजगीत राहिली असती. परीक्षक हा लेखकाचा वैरी नसतो, तो वेळीच हटकणारा शेजारी असतो.

अर्थात कुंपण म्हणजे तुरुंगही नव्हे. एकच वस्तू अनेक दारी जाऊ शकते आणि प्रत्येक दारी तिचे नवे अंग उजळते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात पुरातन वस्तूंचा साठा सापडला. त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्य मूर्ती होती. ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ साली तिथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तान्त १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मातीचे थर आणि खापरे बोलतात. पुढे १९६० साली कार्ल खंडालावाला यांनी ‘ललित कला’ या पत्रिकेत त्याच धातूच्या वस्तूंकडे कलेच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहिले. पुरातत्त्वाने विचारले, हे कोणत्या थरातले? कलेतिहासाने विचारले, ही घडण कुठली? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मग प्रश्न येतो, की या सगळ्याची आजच चर्चा कशाला? कारण गेल्या काही वर्षांत या पेठेत खोटी दुकाने फार झाली. अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१०च्या सुमारास अशा पत्रिकांना ‘शिकारी’ हे विशेषण दिले. त्यांची रीत सोपी आहे. पैसे भरा, आठ दिवसांत लेख छापून घ्या, प्रमाणपत्र न्या. परीक्षण नावालाही नाही. आपल्याकडे बढतीसाठी आणि पीएच. डी.साठी निबंधांची सक्ती झाली आणि या दुकानांना आयतेच गिऱ्हाईक मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची यादी केली. तिच्यातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ पत्रिका सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा सुमारे ८८ टक्के पत्रिका निकृष्ट दर्जाच्या असाव्यात असे आढळले. हा निबंध मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढून टाकल्या. नंतर २०१९ पासून ‘केअर’ नावाची नवी यादी आली. पीएच. डी.पूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अट आयोगाने २०२२ साली काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद केली. आता पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर, महाविद्यालयांवर आणि शेवटी त्या त्या अध्यापकावर आली आहे.

म्हणजेच ‘उद्देश आणि व्याप्ती’ वाचायला शिकणे ही आता गरज झाली आहे. ग्रामीण महाविद्यालयातल्या तरुण अध्यापकाने काय पाहावे? पहिली गोष्ट, व्याप्तीचे कुंपण कुठे आहे. संस्कृतपासून साखर-तंत्रज्ञानापर्यंत सगळे घेतो, असे म्हणणाऱ्या पत्रिकेकडे जरा संशयाने पाहावे. बहुविषयक असणे हा दोष नाही; १८६९ सालचे ‘नेचर’ किंवा १९३२ पासून बंगळूरहून निघणारे ‘करंट सायन्स’ बहुविषयकच आहेत. पण त्यांच्याकडे तितक्या विषयांचे जाणकारही आहेत. म्हणून दुसरी गोष्ट पाहावी संपादक मंडळाची. नावे खरी आहेत का, ती माणसे त्या विषयातली आहेत का? तिसरी गोष्ट, मागचे चार अंक काढून वाचावेत. आपल्या निबंधात ज्या प्रश्नाचा विचार आहे, त्या प्रश्नावर तिथे पूर्वी काही चर्चा झाली आहे का? चौथी गोष्ट, वेळ आणि पैसा. काही चांगल्या पत्रिकाही लेखकाकडून शुल्क घेतात, कारण त्या वाचकाला फुकट मिळतात. पण शुल्क आधी आणि परीक्षण नंतर, असे असेल तर पाय मागे घ्यावा. आणि पाचवी गोष्ट, खऱ्या पत्रिकेच्या नावाने खोटे संकेतस्थळ तर नाही ना, हे मूळ संस्थेकडे फोन करून विचारावे. एक फोन कित्येक महिन्यांची मेहनत वाचवतो.

चांगल्या पत्रिका महाग, आपल्या ग्रंथालयात येत नाहीत, ही तक्रार खरी होती. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तिच्यातून सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना सुमारे १३,००० पत्रिका वाचायला मिळतात. हे मोठे पाऊल आहे. मात्र त्या बहुतांश परदेशी प्रकाशकांच्या आणि इंग्रजीतल्या आहेत. मराठी शोधपत्रिका वर्गणीदारांच्या आणि संपादकांच्या पदरमोडीवर चालल्या आहेत. त्या टिकल्या नाहीत तर आपल्या बोलींवर, बखरींवर, गावच्या पाणवठ्यांवर मराठीतून झालेले संशोधन कोणी पारखायचे?

श्रोतेहो, आपल्यातले बहुतेक जण कधीच शोधनिबंध लिहिणार नाहीत. तरीही हा विषय आपला आहे. क्षारपड जमिनीत कोणता ऊस लावावा, नळाचे पाणी उकळून प्यावे की नाही, गावच्या वीरगळाचे वय किती, या प्रत्येक उत्तराच्या मागे कुठला तरी निबंध उभा असतो. तेव्हा ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे कोणी ठणकावून सांगितले, की दबून जाऊ नये. ते संशोधन कोणत्या पत्रिकेत आले आणि तिथे ते कोणी तपासले, हे दोन प्रश्न शांतपणे विचारावेत. ज्याच्याकडे खरा माल असेल, त्याला त्या प्रश्नांचा राग येणार नाही.